ग्वेनबाईंचा पॉज

ग्वेनबाई सतरा वेळा मेल्या. ही मोजदाद त्यांचीच. विष पिऊन चार वेळा, पाण्यात बुडून दोनदा, एकदा शिडीवरून पडून, एकदा सख्ख्या जावयाच्या हातून, आणि बाकीच्या बहुतेक वेळा इंग्लंडमधल्या निरनिराळ्या टीव्ही मालिकांत पहिल्या पाच मिनिटांत, म्हणजे पुढे येणाऱ्या इन्स्पेक्टरला काहीतरी काम मिळावं म्हणून. "मेल्यावर श्वास रोखायचा नसतो," त्या मला एकदा कॉफी ओतता ओतता म्हणाल्या. "रोखला की कॅमेऱ्याला लगेच कळतं. पोट सैल सोडायचं आणि हळूच घ्यायचा. आणि प्रेताचं काम असेल तेव्हा घट्ट बूट कधी घालू नयेत. प्रेताचा पाय हलला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं."

रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेलमध्ये, पाचव्या मजल्यावर, त्या आमच्या शेजारी राहत. सगळ्या मजल्याला मिळून बाहेरून एक लांब गॅलरी, तिच्यात ओळीने दारं, दारांपाशी कुंड्या आणि कुलपं घातलेल्या सायकली. ‘बाई’ ही पदवी मी दिलेली. सांगलीच्या माणसाला ऐंशीला टेकलेल्या बाईंना नुसतं ‘ग्वेन’ म्हणताना जीभ अडखळते. तोंडावर ग्वेन म्हणायचो आणि घरात ग्वेनबाई. आमचं बोलणं इंग्रजीत. तिथे सगळेच ‘यू’. पण माझ्या कानाला त्या मला अरे-तुरे करताहेत असंच ऐकू यायचं आणि मी त्यांना अहो-जाहो. म्हणून इथेही तसंच लिहितो.

ओळख झाली ती खुनामुळे. पुण्याहून येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास भिंतीपलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, "नको! मी सही करते, पण त्याला हात लावू नकोस!" मग काहीतरी पडल्याचा आवाज आणि शांतता. बायको, अश्विनी, पोलिसांचा ११२ लावायच्या तयारीत फोन घेऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू आधी जाऊन बघ तरी." नवऱ्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यात न बोलता होताच. मी बेल दाबली. दार उघडलं ते एका सडपातळ, ताठ बाईंनी. पांढरे केस नीट बांधलेले, ओठांना लिपस्टिक, अंगात स्वयंपाकाचा एप्रन.

"कुठपर्यंत ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"सगळंच," मी म्हणालो. "तुम्ही ठीक आहात ना?"

"शेवटचं वाक्यही आलं? छान. हल्ली वाक्याच्या शेवटी माझा आवाज पडतो."

मागे टेबलावर दोन कप मांडलेले होते. एक त्यांचा आणि दुसरा कोणी आलंच तर. मी आलो होतो, तेव्हा तो मला मिळाला. बरोबर बिस्किट एक. इथल्या रीतीप्रमाणे डबा उघडला, एक दिलं आणि डबा बंद केला. इंग्लंडच्या असून एवढी डच सवय त्यांनी मनापासून उचलली होती.

रोज सकाळी तासभर त्या जुन्या भूमिका म्हणत. आपल्याकडे गवई रियाज करतात तसा. काम मिळो न मिळो, दहा वाजता केस बांधून, लिपस्टिक लावून, बूट घालून उभ्या. चपला घालून कधी म्हणाल्या नाहीत. "चपलेतला माणूस चपलेतलंच बोलतो," असं त्यांचं मत होतं. बसायच्या ते नेहमी उजेड डावीकडून येईल असं. ही सवय नवऱ्याची देणगी. हेंक हा मूळचा कापेलचा, शूटिंगला दिवे लावणारा. त्याने त्यांना पहिलं वाक्य म्हटलं होतं ते असं, "बाई, तुमचा चेहरा डावीकडून आहे." पुढे लग्न झालं. हेंक जाऊन बरीच वर्षं झाली होती तरी बाई खुर्ची सरकवून डावा उजेड शोधायच्या. आमच्या घरी आल्या की आधी आमचा सोफा फिरवायच्या आणि मग बसायच्या.

त्यांच्या कारकिर्दीची गोष्ट त्या स्वतः सांगायच्या तेव्हा हसू यायचं. घरी येऊन अश्विनीला सांगायला लागलो की मात्र हसू येत नसे. उत्तर इंग्लंडातल्या एका खाणकामगाराची ही मुलगी लंडनला नाट्यशाळेत शिकली, गावोगावच्या थिएटरांत आठवड्याला एक नाटक अशी वर्षं काढली आणि टीव्हीवर आली. आधी नायिकेची मैत्रीण, मग नायकाची बहीण, मग नर्स, मग पडदा बाजूला करून बघणारी शेजारीण. "चाळिशी ओलांडली की नटीला पडदा मिळतो," त्या म्हणत. "ओढायचा, बघायचं, सोडायचा." एकाच चित्रपटात मोठं काम मिळालं. तो लागला तेव्हा आईवडिलांना घेऊन गेल्या, तर कात्रीतून वाचली होती फक्त त्यांची पाठ. नायक खिडकीशी बोलतो आणि ही पाठ ऐकते. "चांगली पाठ आहे," त्या गंभीरपणे सांगत. "वडील म्हणाले, तुझ्या आजीसारखी आहे."

मग एका खेड्यावरच्या मालिकेत पोस्टातली बाई. सहा वर्षं त्यांनी टीव्हीवर तिकिटं विकली. घरोघरी चेहरा माहीत झाला आणि नेमका त्याच वेळी हेंक भेटला. त्यांनी लंडन सोडलं. मालिकावाल्यांनी पोस्टातल्या बाईला एका व्हॅनखाली घातलं. हे सतरातलं एक. एकदा युट्रेख्टला जाताना गाडीत समोर एक इंग्लिश जोडपं बसलं होतं. बाई माझ्याबरोबर होत्या. त्या दोघांत कुजबुज झाली आणि शेवटी नवरा म्हणाला, "माफ करा, तुम्ही पोस्टातल्या ना? आम्हाला वाटलं तुम्ही गेलात."

"गेलेच होते," बाई म्हणाल्या. "व्हॅन होती."

त्यांना आनंद झाला होता. युट्रेख्ट येईपर्यंत त्या ताठ बसून राहिल्या, डावीकडून उजेड घेऊन. उतरल्यावर, सायकलींच्या त्या समुद्रातून वाट काढताना, मला म्हणाल्या, "नटाचा फोन त्याच्या गावात वाजतो, श्री. मी गाव सोडलं आणि फोन तिथेच राहिला." पश्चात्ताप होता का, हे मी विचारलं नाही. हेंकविषयी त्या जे बोलत त्यावरून नसावा. पण फोन वाजला की त्यांचा हात आधी केसांकडे जायचा, हे मी पाहिलं आहे.

त्यांना खरा अभिमान होता एकाच गोष्टीचा. टीव्हीवरच्या एका नाटकात त्यांनी आईचं काम केलं होतं. भांडी घासताना फोन येतो आणि मुलगा गेल्याचं कळतं. लिहिलं होतं, ‘आई किंचाळते’. बाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी फोन ठेवला, वाहता नळ बंद केला, आणि नुसत्या उभ्या राहिल्या. कोणीही ‘कट’ म्हणालं नाही. ते प्रसारित झालं तेव्हा लोकांना वाटलं, आवाज गेला. "अर्ध्या इंग्लंडने त्या रात्री टीव्हीला थपडा मारल्या," त्या सांगत. "माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी दाद."

त्याची धूसर कॅसेट त्यांनी कुणाकडून तरी डीव्हीडीवर करून घेतली होती. माझी आई सांगलीहून आली तेव्हा बाईंनी तिला ती दाखवली. आईला इंग्रजी येत नाही, बाईंना मराठी येत नाही. दोघी सोफा फिरवून शेजारी शेजारी बसल्या. तो प्रसंग आला, नळ बंद झाला, आणि आईने बाईंचा हात धरला. संपल्यावर मला म्हणाली, "काम चांगलं करते हो बाई. बोलत नाही तेव्हा तर जास्तच चांगलं." मी भाषांतर केलं. बाईंनी ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. परत आल्या तेव्हा बिस्किटांचा अख्खा डबा आईपुढे उघडा ठेवला. त्या गॅलरीत एवढा मान कोणाला मिळाल्याचं मला माहीत नाही.

आईला नाटकातलं कळायचं त्याला कारण माझे वडील. अप्पा बँकेत कारकून होते आणि तीस वर्षं सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेचं पुस्तक धरत. म्हणजे प्रॉम्प्टर. रंगमंचावर कधी गेले नाहीत. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर नाटकाची वही, हातात छोटी बॅटरी. शाळेत असताना त्यांच्या पायाशी बसून मीही ते शिकलो. "नट अडकला हे लोकांना कळायच्या आत आपल्याला कळलं पाहिजे," अप्पा सांगत. "तो मागणार नाही. मागायला तोंड मोकळं कुठे आहे त्याचं? त्याच्या गळ्याकडे बघ. शब्द हरवला की माणूस आधी आवंढा गिळतो. तेव्हाच द्यायचा. आवाज नाही, नुसते ओठ." अप्पांचं हे शिक्षण माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणी अडखळलं तरी माझे ओठ हलत.

हे ग्वेनबाईंना कळल्यावर त्यांनी मला शनिवारच्या रियाजाला पुस्तक धरायला बसवलं. पहिल्याच दिवशी घोळ झाला. त्या एका वाक्यावर थांबल्या, गळा हलला, आणि मी शब्द दिला. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातलं काही चोरलं होतं.

"तो पॉज होता," त्या म्हणाल्या.

"तुम्ही आवंढा गिळलात."

"मी म्हातारी आहे. घसा कोरडा पडतो." मग जरा मऊ होऊन त्यांनी नियम घालून दिला. "आमच्याकडे नट मागतो. मला हवा असेल तेव्हा मी असं करीन." आणि अंगठीच्या बोटाने टेबलावर टक केलं. हेंकची अंगठी सैल झाली होती, तिचा आवाज स्वच्छ यायचा. "टक केलं तर शब्द. नाही केलं तर जग बुडालं तरी गप्प. माझी शांतता माझी आहे."

मी कानाला खडा लावला. दोन वर्षं नियम पाळला. आवंढे गिळले गेले, मी बघत राहिलो, आणि दर वेळी शब्द आला. अप्पांचं शास्त्र या बाईंपुढे चालत नाही याची मला गंमत वाटायला लागली.

मग तो फोन आला. लंडनहून. एका नव्या दिग्दर्शिकेने लहानपणी तो नळ बंद करण्याचा प्रसंग पाहिला होता आणि तिला तीच बाई हवी होती. चित्रपट इंग्रजी, पण शूटिंग इथेच, युट्रेख्टजवळ नदीच्या बांधावरच्या एका घरात. आजीचं काम, एकच प्रसंग, अकरा वाक्यं. नात विचारते, आजोबा गेले त्या दिवशी तू काय केलंस, आणि आजी सांगते. बाईंनी मला कागद दिला. "अकरा वाक्यं आणि चेहरा," त्या म्हणाल्या. "पाठ नाही."

पहिली दोन वाक्यं मला आजही झोपेत म्हणता येतील. ‘त्या सकाळी मी कपाटातून दोन कप काढले. मग एक परत ठेवला.’ इथे पॉज. तो लिहिलेलाच होता. मग तिसरं, ‘कपाचं बरं असतं, त्याला काही समजवावं लागत नाही.’

पहिल्या आठवड्यात सगळं पाठ झालं. दुसऱ्या आठवड्यात भिंतीपलीकडून मला ती पहिली दोन वाक्यं ऐकू यायला लागली आणि मग शांतता. मी आमच्या ओट्याशी चहा गाळता गाळता थांबायचो. पॉज लांबायचा. मग पुन्हा पहिल्यापासून, ‘त्या सकाळी मी कपाटातून...’ एका सकाळी मी पाच वेळा दोन कप निघालेले ऐकले आणि पाच वेळा एक परत गेलेला. तिसरं वाक्य आलंच नाही. अश्विनी माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हणालो, "पॉज घेताहेत."

"श्री," ती म्हणाली, "गेल्या मंगळवारी त्यांनी मला विचारलं, हेंक खाली सायकल लावतोय का म्हणून."

शनिवारी टकटक वाढली. आधी एखादी, मग तीन, मग वाक्यागणिक. मी शब्द देत होतो आणि त्या मान डोलवून पुढे जात होत्या, जणू कामच असं चालतं. शेवटी विचारायच्या, "कसं झालं?" मी म्हणायचो, "मस्त." दुसरं काय म्हणणार होतो? मला खोटं बोलल्याचं वाईट वाटत होतं आणि खरं बोलायची छाती नव्हती.

हेंकची पहिल्या बायकोपासूनची मुलगी मराइके आर्नहेमला एका ऊर्जा कंपनीत होती. सरळ, कष्टाळू, आणि सगळ्या गोष्टी डायरीत लिहिणारी. दर दोन आठवड्यांनी रविवारी यायची. तिलाही दिसत होतंच. एकदा तिला फ्रिजमध्ये टीव्हीचा रिमोट सापडला. तिने हाउसआर्ट्सना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, कळवलं. इकडे चित्रपटवाल्यांना विम्यासाठी त्याच डॉक्टरांची सही हवी होती, की बाईंची तब्येत काम करण्याजोगी आहे. डॉक्टर म्हणाले, आधी नर्स घरी येऊन स्मरणशक्तीची तपासणी करील, मग बघू. एकाच तपासणीवर दोन्ही अडकलं. नीट झाली तर युट्रेख्ट आणि अकरा वाक्यं. नाही झाली तर आर्नहेम, मराइकेच्या घराजवळचं देखभाल केंद्र.

तपासणीच्या दिवशी मराइकेला सुट्टी मिळाली नाही. बाईंना एकटं वाटू नये म्हणून मी बसावं असं ठरलं. बाईंनी निळा ड्रेस घातला होता, लिपस्टिक, बूट. अर्धा तास आधीपासून तयार. टेबल खिडकीशी ओढून उजेड डावीकडे घेतला होता. दारात मला थांबवून म्हणाल्या, "तू पुस्तकावर आहेस. नियम माहीत आहे ना?"

"टक केलं तर," मी म्हणालो.

"आणि आज मी टक करणार नाही."

नर्स चांगली होती. पन्नाशीची, हसरी, बाईंसाठी इंग्रजीत बोलणारी. वार विचारला, महिना विचारला, घड्याळ काढायला सांगितलं. बाईंनी ते काढून काट्यांना सावलीसुद्धा दिली. मग नर्सने पाच शब्द सांगितले, लक्षात ठेवा, मी थोड्या वेळाने विचारीन. मीठ, खिडकी, घोडा, पूल, लिंबू. मग दुसऱ्याच गप्पा काढल्या. बाईंनी पोस्टाची आणि व्हॅनची गोष्ट सांगितली. नर्स खूप हसली. मला वाटलं, जमलं. बाईंनी खोली ताब्यात घेतली होती.

"आता ते पाच शब्द?" नर्स म्हणाली.

"मीठ," बाई म्हणाल्या. "खिडकी. घोडा."

आणि थांबल्या.

हात टेबलावर पालथा होता. अंगठी स्थिर होती. नजर खिडकीबाहेर, चेहऱ्यावर उजेड. त्या क्षणी त्या काय दिसत होत्या! त्या धूसर डीव्हीडीतली ती आई होती तिथे. टक आलं नाही. आणि मग त्यांनी आवंढा गिळला.

माझे ओठ हलले. आवाज नव्हता. नुसता ‘पूल’.

बाईंना ते दिसलंच नाही, त्या बाहेर बघत होत्या. पण नर्स नेमकी माझ्याकडे बघत होती. तिने पेन खाली ठेवलं आणि अगदी सौम्य आवाजात मला गॅलरीत थांबायला सांगितलं. मी उठलो तेव्हा खुर्ची वाजली आणि बाईंनी मान वळवली. त्यांनी आधी मला पाहिलं, मग नर्सला, मग पुन्हा मला. त्यांना सगळं कळलं. मी बाहेर, आमच्याच सायकलींच्या मध्ये, शाळेत अंगठे धरून उभं केलेल्या पोरासारखा उभा राहिलो. आतलं काही ऐकू येत नव्हतं. रोज भिंतीतून येणारा तो आवाज दारातून मात्र येत नव्हता.

नर्स गेल्यावर मी आत गेलो. बाई तिथेच बसल्या होत्या.

"पूल," त्या म्हणाल्या. "पूल, लिंबू. मला येत होते. तो पॉज होता."

"मला माफ करा."

"मला येत होते, श्री."

मी हो म्हणालो. त्यांना खरंच येत होते का? की मी उठल्यानंतर नर्सने सांगितले? मला माहीत नाही. तेव्हा कळलं नाही आणि आता कळायचा मार्ग नाही. नर्सला मी कधी विचारलं नाही, आणि तिने विचारूनही सांगितलं नसतं. कितीदा तो क्षण मी मनात परत लावून पाहतो. गळा हलतो आणि मी तिथेच अडकतो.

डॉक्टरांनी सही केली नाही. मराइकेने मला फोनवर सांगितलं की नर्सने लिहिलंय, शेजारी मदत करतात, तेव्हा दिसतं त्यापेक्षा परिस्थिती बिकट असावी. मी विचारलं, माझ्यामुळे झालं का. एखादी मराठी बाई म्हणाली असती, छे छे, तुम्ही काय केलंत. मराइके जरा विचार करून म्हणाली, "थोडंसं तुझ्यामुळे. पण बहुतेक तसंही तेच झालं असतं." त्या ‘बहुतेक’ला धरून मी अजून जगतो आहे.

आजीचं काम दुसऱ्या कुणी केलं. बाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. भिंतीपलीकडे दहा वाजता काही वाजत नव्हतं. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात बाई, लिपस्टिक नसलेल्या, पायात चपला. हातात तो अकरा वाक्यांचा कागद.

"हा तुझ्याकडे ठेव," त्या म्हणाल्या. "तू अजून पुस्तकावर आहेस." मला वाटतं ती क्षमा होती. मी ते क्षमा म्हणूनच घेतलं.

महिन्याभरात त्यांचं सामान आर्नहेमला गेलं. आता शेजारी एक तरुण डच जोडपं राहतं. त्यांच्याकडून शनिवारी फक्त कॉफीच्या मशीनचा आवाज येतो.

मी महिन्यातून एकदा आर्नहेमला जातो. युट्रेख्टला गाडी बदलतो. खिशात तो कागद असतो. तिथे बाई बऱ्या आहेत, असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. खोली स्वच्छ आहे, जेवण वेळेवर आहे, सांभाळणाऱ्या मुली प्रेमाने वागतात. सुरुवातीला त्या मला ओळखत. मग कधी ओळखत, कधी हेंकच्या शूटिंगवरचा माणूस समजत. ती अकरा वाक्यं मी हळूच सुरू करून पाहायचो. पहिली दोन त्या माझ्याबरोबर म्हणायच्या. दोन कप निघायचे, एक परत जायचा.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा त्या खिडकीशी टेबलापाशी बसल्या होत्या. कोणीतरी केस नीट बांधले होते. खुर्ची त्यांनी स्वतः सरकवलेली असावी, कारण उजेड डावीकडून होता. मी समोर बसलो. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं की नाही कोण जाणे, आणि एकदम त्यांचा तो रियाजाचा आवाज लागला. वाक्याचा शेवटही पडला नाही.

"दार लावू नकोस. तो उशिरा येईल, पण येईल. आणि आला की त्याला सांग, मी..."

त्या थांबल्या. मी गप्प राहिलो. गळ्याकडे पाहिलंच नाही, मुद्दाम टेबलाकडे पाहत बसलो. जग बुडालं तरी गप्प, हे मी आता शिकलो होतो.

मग अंगठीचं बोट वर झालं आणि टेबलावर टक झालं.

इतक्या महिन्यांनी त्यांनी शब्द मागितला होता, रीतसर, माझ्याकडे. आणि मला तो माहीत नव्हता. ही ओळ आम्ही कधी केलीच नव्हती. कुठलं नाटक, कुठली मालिका, त्या सतरा मरणांपैकी कुठलं, की हेंकच्या एखाद्या संध्याकाळचं खरंखुरं वाक्य, मला काही कळेना. मी खिशातून कागद काढला. दुसरं काही सुचलंच नाही. म्हणालो, "मग एक परत ठेवला."

बाईंनी नम्रपणे मान हलवली. नवशिक्याला सांगावं तसं म्हणाल्या, "ते नाही, डार्लिंग. ते दुसरं."

आणि पुन्हा टक केलं.

गाडीची वेळ झाली होती. मी उठलो नाही. बाई ताठ बसल्या होत्या, चेहरा उजेडात, बोट टेबलावर, आणि माझ्या ओठांकडे बघत होत्या. त्यांना घाई नव्हती. पुस्तकावरच्या माणसाला कधीकधी पान सापडायला वेळ लागतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी जरा वाट पाहिली आणि तिसऱ्यांदा टक केलं.